रूट केलेल्या फोनवर सिस्टम अॅप बदलणं : काय काढायचं, काय झाकायचं, कशाला हात लावायचा नाही

पॅचपांडू (धागाकर्ता)

डायलर, एसएमएस, कीबोर्ड, लाँचर, कॅमेरा, वेबव्ह्यू (अॅपच्या आत वेबपान दाखवणारा भाग). फोनबरोबर आलेल्या अॅपांपैकी बहुतेकांना हीच नकोशी असतात, आणि नेमकी हीच काढताना फोन लोगोवर अडकून बसतो. बूटलोडर (फोन सुरू करणारा, कुलूपबंद असलेला पहिला प्रोग्राम) उघडलेला आहे आणि मॅजिस्क या साधनाने बूट इमेज पॅच झालेली आहे, म्हणजे फोन रूट होऊन त्यावर पूर्ण अधिकार मिळालाय, असं धरून पुढचं लिहितोय. (अँड्रॉइड १३ किंवा पुढची आवृत्ती घेऊन बाजारात आलेल्या फोनवर बूटऐवजी इनिट_बूट इमेज पॅच करायची असते.) बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो आणि सॅमसंगवर पॅच केलेली इमेज चढवली की नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो, हे माहीत नसेल तर आधी तिकडे वाचून या.

आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाकायचे.

/सिस्टम रीड-राइट माउंट करायचं (लिहिता येईल असं जोडायचं) आणि अॅपची फाइल, म्हणजे एपीके, पुसून टाकायचं, हा जुना मार्ग डोक्यातून काढा. अँड्रॉइड १० घेऊन आलेल्या फोनांपासून सिस्टम, प्रॉडक्ट, व्हेंडर ही विभाजनं 'सुपर' नावाच्या एकाच मोठ्या विभाजनात बसवलेली असतात. त्यांतल्या एक्स्ट४ इमेजमध्ये सारखे ब्लॉक एकदाच साठवलेले असतात, म्हणून ती लिहिण्यासाठी माउंटच होत नाही. नव्या फोनांवर ईआरओएफएस असते, तिच्यात लिहिण्याची सोयच नाही. जुन्या फोनवर माउंट जमलं तरी डीएम-व्हेरिटी ही अँड्रॉइडची तपासणी प्रत्येक ब्लॉकचा हॅश तपासत असते. शिवाय फक्त बदललेले ब्लॉक आणणारं ओटीए (कंपनीकडून थेट फोनवर येणारं) अपडेट आधी जुने ब्लॉक जसेच्या तसे आहेत का ते पाहतं. एक्स्ट४ नुसती रीड-राइट माउंट केली तरी सुपरब्लॉकमधली माउंटची वेळ आणि गणती बदलते. एकही फाइल न बदलता अपडेट नापास होतं ते यामुळे.

मॅजिस्क मूळ विभाजनाला धक्का लावत नाही. /डेटा/एडीबी/मॉड्यूल्समध्ये आपण ठेवलेल्या फाइली (अशा एका संचाला मॉड्यूल म्हणतात) तो बूट होताना मूळ जागेवर पांघरतो. पांघरूण काढलं की खालचं जसंच्या तसं. त्यामुळे 'सिस्टम अॅप काढून दहा जीबी मोकळी करा' हा हिशोबच चुकीचा आहे. सिस्टम विभाजनाचा आकार ठरलेला असतो, तिथली जागा तुमच्या फोटोंना मिळत नाही. मोकळी होते ती फक्त त्या अॅपच्या अपडेटनं आणि डेटानं व्यापलेली जागा.

आता क्रम. आधी नवं अॅप साध्या पद्धतीने बसवा. मग त्याला ती भूमिका द्या: सेटिंग्ज, अॅप्स, डीफॉल्ट अॅप्स. अँड्रॉइड १० पासून फोन, एसएमएस, होम, ब्राउझर या 'रोल' म्हणून सांभाळल्या जातात. मेनूतून जमत नसेल तर:

सीएमडी रोल अॅड-रोल-होल्डर अँड्रॉइड.अॅप.रोल.डायलर कॉम.अमुक.तमुक

दोनतीन दिवस असंच वापरा. सगळं सुरळीत असेल तर जुन्याला झोपवा:

पीएम डिसेबल-यूजर --यूजर ० कॉम.जुनं.अॅप

पुन्हा थोडे दिवस थांबा. तरीही ते नजरेसमोर नकोच असेल तर:

पीएम अनइन्स्टॉल -के --यूजर ० कॉम.जुनं.अॅप

एपीके सिस्टममध्ये तसंच राहतं, फक्त तुमच्या खात्यापुरतं दिसेनासं होतं. परत आणायचं तर सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एग्झिस्टिंग आणि पॅकेजचं नाव. मॉड्यूलनं झाकणं ही शेवटची पायरी. ती दोनच कामांसाठी लागते: एखादं अॅप सिस्टममध्ये *असायला* हवं, किंवा त्याच जागी दुसरं एपीके बसवायचं आहे. नुसतं नकोसं अॅप घालवायला मॉड्यूल म्हणजे मच्छर मारायला तोफ.

टर्मिनलकाका

चांगला धागा. एक दुरुस्ती : डिसेबल-यूजर आणि अनइन्स्टॉल --यूजर ० या दोन्हीला रूट लागत नाही. संगणकावरून फोनला आदेश देणारी एडीबी शेल पुरते, किंवा फोनवरच शिझुकू (रूटशिवाय अॅपांना एडीबीचे अधिकार देणारे अॅप) चालवून कँटासारख्या अॅपमधून होते. तेव्हा केवळ एवढ्यासाठी कोणी रूट करू नये.

दुसरे म्हणजे यूजर ० म्हणजे मुख्य वापरकर्ता. सॅमसंगच्या सिक्युअर फोल्डरचा वापरकर्ता सहसा १५० असतो, ड्युअल मेसेंजरचा ९५, शाओमीच्या ड्युअल अॅप्सचा ९९९. तिथली प्रत तशीच राहते आणि मग 'काढलेले अॅप नोटिफिकेशन कसे देते' असा प्रश्न येतो. पीएम लिस्ट यूजर्स दिले की क्रमांक कळतात.

नवखा_४जी

कोणत्या पॅकेजला अजिबात हात लावायचा नाही, याची यादी मिळेल का? नावावरून काहीच कळत नाही.

कोकणचा_कर्नल

पूर्ण यादी कोणीच देऊ शकणार नाही, प्रत्येक कंपनीचा संसार वेगळा. पण ही नावं दिसली की हात मागे घ्यायचा.

'प्रोव्हायडर्स' असलेलं काहीही. कॉम.अँड्रॉइड.प्रोव्हायडर्स.टेलिफोनीमध्ये एसएमएस असतात, प्रोव्हायडर्स.काँटॅक्ट्समध्ये संपर्क, प्रोव्हायडर्स.मीडियामध्ये फोटो-गाण्यांची नोंद. हे कोठार आहे, दुकानाची काच नव्हे. एसएमएसचं अॅप बदललं तरी संदेश जात नाहीत ते यामुळेच. सगळे टेलिफोनी प्रोव्हायडरच्या एमएमएसएसएमएस.डीबी या डेटाबेसमध्ये असतात.

परमिशनकंट्रोलर आणि पॅकेजइन्स्टॉलर. पहिलं गेलं तर परवानगीची खिडकी उघडत नाही (रोलही त्याच्याकडेच असतात), दुसरं गेलं तर एपीके बसत नाही.

डॉक्युमेंट्सयूआय. लोक याला 'फालतू फाइल्स अॅप' समजून उडवतात आणि मग कुठल्याच अॅपमध्ये 'फाइल निवडा' चालत नाही. फाइल मॅनेजर दुसरा असला तरी उपयोग नाही, कारण ती खिडकी याचीच असते.

कॉम.अँड्रॉइड.फोन. हे डायलर नव्हे. कॉल लावण्याचं काम करणारी प्रक्रिया आहे. डायलरचं नाव कॉम.अँड्रॉइड.डायलर किंवा कॉम.गूगल.अँड्रॉइड.डायलर असतं.

आणि आयएमएस, म्हणजे ४जीवरून कॉल लावणारी सेवा. क्वालकॉमवर ऑर्ग.कोडऑरोरा.आयएमएस, मीडियाटेकवर कॉम.मीडियाटेक.आयएमएस, सॅमसंगवर कॉम.सेक.आयएमएससर्व्हिस. ते गेलं की व्हीओएलटीई (४जीवरचे कॉल) गेलं. एअरटेलवर फोन २जीवर उतरून कॉल लागेल. जिओकडे २जी-३जी मुळातच नाही, तिथे सरळ मौनव्रत. इंटरनेट चालतं, कॉल तेवढा लागत नाही. मग लोक सिम बदलायला मोबाइल कंपनीच्या गॅलरीत रांग लावतात.

शाओमीवर कॉम.शाओमी.फाइंडडिव्हाइस काढल्यावर बूटलूप होतो (फोन पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहतो) हे आता जगजाहीर आहे, तरी दर महिन्याला कोणीतरी काढतंच.

बेळगावी_बिट

यात सेलब्रॉडकास्टरिसीव्हर घाला. सरकारी आपत्ती इशारे त्यातून येतात. २०२३ मध्ये देशभर चाचणीचे संदेश कर्कश आवाज करत आले, तेव्हा बऱ्याच जणांनी तो काढून टाकला. पूर-दरडीच्या भागात तरी असू द्या. अँड्रॉइड ११ पासून बऱ्याच फोनवर तो एपेक्स मॉड्यूलमध्ये (सिस्टमच्या वेगळ्या अपडेट होणाऱ्या भागात, मॅजिस्कच्या मॉड्यूलमध्ये नव्हे) असतो, म्हणून त्याचा मार्ग /एपेक्सनं सुरू होतो. मॉड्यूलमधलं सिस्टम फोल्डर तिथवर पोचतच नाही.

रेवा_एआरएम६४

डायलरबद्दल एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सुटते. फॉसिफाय फोन किंवा तसं दुसरं अॅप डीफॉल्ट केलं तरी मूळ डायलर डिसेबल करू नका. ११२ सारखा आणीबाणीचा कॉल लागला की टेलिकॉम सेवा तुमचं पसंतीचं अॅप बाजूला ठेवते आणि सिस्टम डायलरची कॉल-स्क्रीन बोलावते. तुमच्या डायलरची इनकॉलसर्व्हिस (कॉल-स्क्रीन दाखवणारा भाग) कोसळली तरी हाच आधार असतो. तो झोपवलेला असेल तर ऐन वेळी समोर पडदाच नाही. सिस्टम डायलर कोणता हे फ्रेमवर्कमध्ये कॉन्फिग_डीफॉल्टडायलर या नोंदीत ठरलेलं असतं. ती बदलायची तर 'अँड्रॉइड' हे लक्ष्य असलेलं ओव्हरले (मूळ नोंदीवर आपली नोंद बसवणारं छोटं एपीके) प्रॉडक्ट/ओव्हरलेमध्ये टाकावं लागतं आणि नवा डायलरही सिस्टम अॅप करावा लागतो. एवढं करण्यापेक्षा जुन्या डायलरचं नोटिफिकेशन बंद करा, आयकॉन लाँचरमधून लपवा. झालं.

एसएमएसबद्दल : गूगल मेसेजेस सोडण्याआधी त्यातलं आरसीएस (इंटरनेटवरून जाणारे चॅटसारखे संदेश) बंद करा. नाहीतर समोरच्याचे संदेश आरसीएसवरूनच येत राहतील आणि नव्या अॅपला ते दिसणार नाहीत. अॅप आधीच काढून बसला असाल तर गूगलचं नोंदणी रद्द करायचं पान आहे, नंबर टाकून ओटीपीनं होतं.

नवखा_४जी

एसएमएस अॅप बदललं तर यूपीआयचं काय? ओटीपी आपोआप भरला जातो तो बंद होईल का?

टर्मिनलकाका

नाही. यूपीआय अॅप पडताळणीचा एसएमएस स्वतःच्या परवानगीने पाठवते, डीफॉल्ट एसएमएस अॅपशी त्याचा संबंध नाही. ओटीपी आपोआप भरणे बहुतांशी प्ले सर्व्हिसेसमार्फत होते. यूपीआय अडते ते बूटलोडर आणि रूटमुळे, म्हणजे प्ले इंटिग्रिटीच्या (फोनशी छेडछाड झाली आहे का हे पाहणाऱ्या गूगलच्या) तपासणीत. तो वेगळा विषय आहे, इथे नको.

पॅचपांडू

रेवाताई, डायलरचा मुद्दा लाखमोलाचा. वर 'मग जुन्याला झोपवा' असं मी सरसकट लिहिलंय, त्यातून डायलर वगळा.

आता मॉड्यूल खरंच कधी लागतं याचं उत्तम उदाहरण : कॅमेरा. अँड्रॉइड ११ पासून एखाद्या अॅपनं 'फोटो काढून दे' अशी विनंती केली की ती फक्त फोनबरोबर आलेल्या कॅमेरा अॅपकडेच जाते. प्ले स्टोअर किंवा एफ-ड्रॉइडवरून (मुक्त अॅपांचं दुकान) बसवलेला कॅमेरा त्या यादीत येतच नाही. कंपनीचा कॅमेरा झोपवला, ओपन कॅमेरा बसवला, आणि मग एखाद्या अॅपमध्ये कागदपत्राचा फोटो काढायला गेलं की काहीच उघडत नाही. उपाय म्हणजे ओपन कॅमेरालाच सिस्टम अॅप करणं.

मॉड्यूलच्या झिपमध्ये एवढंच लागतं : मुळाशी मॉड्यूल.प्रॉप, मेटा-आयएनएफच्या फोल्डरांत मॅजिस्कच्या नमुन्यातल्या अपडेट-बायनरी आणि अपडेटर-स्क्रिप्ट या दोन फाइली, आणि सिस्टम/प्रॉडक्ट/अॅप/ओपनकॅमेरा/ओपनकॅमेरा.एपीके. मॉड्यूल.प्रॉपमध्ये आयडी, नेम, व्हर्जन, व्हर्जनकोड, ऑथर, डिस्क्रिप्शन अशा सहा ओळी. आयडी रोमन अक्षरानंच सुरू व्हायला हवा. पुढे अक्षरं, अंक, टिंब, अंडरस्कोर, जोडरेघ चालतात, मधे मोकळी जागा चालत नाही. व्हर्जनकोड हा पूर्णांकच.

'मॉड्यूल बसत नाही' अशा तक्रारींत दोन गोष्टी सारख्या दिसतात. विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाइल लिहिली की ओळीच्या शेवटी जास्तीचं सीआर चिन्ह बसतं, ओळीचा शेवट फक्त एलएफ हवा. दुसरं, फोल्डरवरच उजवी क्लिक करून झिप केलं की सगळं एका जास्तीच्या फोल्डरात जातं. झिप उघडल्याबरोबर मॉड्यूल.प्रॉप समोर दिसायला हवी.

झिप न करता थेट /डेटा/एडीबी/मॉड्यूल्समध्ये फोल्डर बनवत असाल तर मालक रूट, फोल्डर ७५५, फाइल ६४४ आणि एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेचं लेबल सिस्टम_फाइल हे स्वतः लावा. झिपमधून बसवताना मॅजिस्क ते करून देतो. लेबल चुकलं तर फाइल जागेवर दिसते, पण अॅप यादीत येत नाही.

नागपुरी_नॅनो

प्रिव्ह-अॅपमध्ये का नाही टाकायचं? सगळीकडे तेच सांगतात.

कोकणचा_कर्नल

सांगतात ते किटकॅटच्या काळातलं पाठांतर. अँड्रॉइड ४.४ मध्ये गूगलने प्रिव्ह-अॅप हे फोल्डर वेगळं काढलं, विशेष परवानग्या तिथल्याच अॅपांना मिळू लागल्या, म्हणून लोक जे ते तिथे ढकलू लागले. अँड्रॉइड ८ पासून त्याला कुलूप लागलं. प्रिव्ह-अॅपमधलं अॅप जी विशेष परवानगी मागतं, ती ईटीसी/परमिशन्समधल्या एक्सएमएल यादीत लिहिलेली असावी लागते. नसेल, आणि आरओ.कंट्रोल_प्रिव्हअॅप_परमिशन्स हे 'एनफोर्स'वर असेल, तर सिस्टम सर्व्हर बूट होतानाच एक्सेप्शन फेकतो. फोन अॅनिमेशनवर फिरत राहतो. एका विसरलेल्या ओळीसाठी.

ओपन कॅमेराला असली कुठलीच परवानगी नको असते, म्हणून साधं 'अॅप' फोल्डर पुरे. गरज नसताना प्रिव्ह-अॅप म्हणजे हातानं ओढवून घेतलेलं दुखणं.

गरज कुठे असते? कॉल रेकॉर्डिंगला. दोन्ही बाजूंचा आवाज पकडायला कॅप्चर_ऑडिओ_आउटपुट लागते, ती बाहेरून बसवलेल्या अॅपला मिळत नाही. अॅक्सेसिबिलिटीच्या आडवाटेने रेकॉर्ड करणाऱ्या अॅपांना प्ले स्टोअरने ११ मे २०२२ पासून दार बंद केलं. बीसीआर हे मोफत, मुक्त अॅप म्हणूनच मॅजिस्क मॉड्यूलच्या रूपात येतं : एपीके प्रिव्ह-अॅपमध्ये, सोबत परवानग्यांची एक्सएमएल. स्वतःचं मॉड्यूल लिहिणाऱ्यांनी ते झिप उघडून पाहावं. धडा म्हणून त्याहून सुटसुटीत नमुना नाही.

एक्सएमएल लिहिताना : सर्वात बाहेर परमिशन्स टॅग, आत प्रिव्हअॅप-परमिशन्स टॅग आणि त्याच्या पॅकेज गुणधर्मात नाव, त्याच्या आत प्रत्येक परवानगीला एक परमिशन टॅग. अॅप ज्या विभाजनात, एक्सएमएलही त्याच विभाजनात. एपीके प्रॉडक्टमध्ये आणि यादी सिस्टममध्ये असं अँड्रॉइड ९ पासून चालत नाही. कोणत्या परवानग्या सुटल्या हे आधीच पाहायचं असेल तर मॉड्यूलच्या सिस्टम.प्रॉपमध्ये ती प्रॉपर्टी 'लॉग' करा, बूट करा, लॉगकॅटमध्ये (फोनच्या चालू नोंदींत) 'प्रिव्हअॅप' शोधा. सगळ्या ओळी एकदम मिळतात. नंतर ती प्रॉपर्टी काढून टाका.

आणि ज्या परवानगीचा दर्जा नुसता 'सिग्नेचर' आहे ती प्रिव्ह-अॅपमध्ये टाकूनही मिळत नाही. तिला कंपनीच्या प्लॅटफॉर्म किल्लीची सही लागते.

रेवा_एआरएम६४

सिस्टममध्ये टाकलेलं अॅप उघडताक्षणी बंद पडत असेल आणि लॉगमध्ये अनसॅटिस्फाइडलिंकएरर दिसत असेल तर कारण जवळपास नेहमी एकच. साधं अॅप बसवताना गरजेप्रमाणे .एसओ लायब्ररी (प्रोसेसरसाठीच्या तयार कोडच्या फाइली) एपीकेतून बाहेर काढल्या जातात. सिस्टम विभाजनातल्या अॅपच्या काढल्या जात नाहीत. तिथे दोनच पर्याय : एपीकेच्या शेजारी लिब/एआरएम६४ फोल्डर करून त्यात .एसओ फाइली ठेवा, किंवा एपीकेमध्ये त्या न दाबता, पानाच्या सीमेवर नीट बसवलेल्या असू द्या (झिपअलाइन -पी ४). फोल्डरचं नाव एआरएम६४ हवं. एपीकेच्या आत तेच एआरएम६४-व्ही८ए असतं, आणि लोक ते तसंच उचलून ठेवतात.

एपीके उघडून पुन्हा झिप करणाऱ्यांसाठी : टार्गेट एसडीके ३० किंवा पुढे असेल तर रिसोर्सेस.एआरएससी ही फाइल न दाबलेली आणि ४ बाइटच्या सीमेवर असावी लागते. नसेल तर अॅप सरळ नाकारलं जातं.

प्ले स्टोअरवरून घेतलेली बरीच अॅपं तुकड्यांत असतात : बेस आणि स्प्लिट_कॉन्फिग. फक्त बेस उचलून सिस्टममध्ये टाकलं की चित्रं किंवा लायब्ररी सापडत नाहीत म्हणून कोसळतं. एकसंध एपीके देणाऱ्या ठिकाणाहूनच घ्या. एफ-ड्रॉइडवर बहुतेक अॅपं तशीच मिळतात.

नागपुरी_नॅनो

कंपनीच्या गॅलरीच्या जागी त्याच पॅकेज नावाचं सुधारलेलं एपीके टाकलं तर? सही वेगळी असणार.

टर्मिनलकाका

बाहेरून बसवताना सही जुळली नाही तर नकार मिळतो. पण बूट होताना सिस्टम विभाजनात वेगळ्या सहीचे एपीके सापडले तर पॅकेज मॅनेजर ते स्वीकारतो, नवी सही नोंदवतो आणि डेटा तसाच ठेवतो. अपवाद शेअर्ड युजर आयडीचा. ते अॅप इतरांबरोबर एक आयडी वाटून घेत असेल तर सही त्या गटाशी जुळलीच पाहिजे. सेटिंग्ज हे त्याचे ठळक उदाहरण. डम्पसिस पॅकेजच्या उत्तरात 'शेअर्डयूजर' अशी ओळ दिसली तर तो नाद सोडावा.

आधी हे करावे : अॅप माहितीत जाऊन 'अपडेट्स अनइन्स्टॉल करा'. /डेटामध्ये नवी आवृत्ती बसलेली असेल तर सिस्टममधले एपीके कितीही बदला, चालते तीच. मग पीएम पाथ आणि पॅकेजचे नाव द्यावे, एपीके कुठे आहे ते कळते. उत्तर /प्रॉडक्ट/अॅप/क्ष/क्ष.एपीके असे आले तर मॉड्यूलमध्ये सिस्टम/प्रॉडक्ट/अॅप/क्ष हेच फोल्डर, अक्षरांच्या लहानमोठेपणासह. त्यात .रिप्लेस नावाची रिकामी फाइल ठेवावी म्हणजे मूळ फोल्डर पूर्ण झाकले जाते. नाहीतर जुन्या लायब्ररी आणि ओएटी फाइली नव्या एपीकेखाली डोकावत राहतात. नवे काही न ठेवता नुसती .रिप्लेस ठेवली तर अॅप नाहीसे होते. केर्नलएसयू या मॅजिस्कसारख्याच दुसऱ्या साधनावर यासाठी कस्टमाइज.एसएचमध्ये रिमूव्ह आणि रिप्लेस अशी चले आहेत.

ओप्पो, रिअलमी, वनप्लसवर मार्ग /माय_प्रॉडक्ट वगैरेने सुरू होत असेल तर मॅजिस्कचे पांघरूण तिथे पोचत नाही. तिथे अनइन्स्टॉल --यूजर ० हाच उपाय.

बेळगावी_बिट

कीबोर्डवाल्यांसाठी. जीबोर्ड काढून दुसरा बसवताना तो 'डायरेक्ट बूट' जाणणारा आहे ना, ते पाहा. फोन रीस्टार्ट झाल्यावर पहिल्यांदा कुलूप उघडेपर्यंत तुमचा डेटा एन्क्रिप्टेड असतो आणि त्या वेळी फक्त डायरेक्ट बूटची सोय असलेली अॅपंच चालतात. कुलूप अक्षरी पासवर्डचं असेल आणि एकमेव कीबोर्ड या वेळी उठणारा नसेल, तर पासवर्ड टाइप करायला कीबोर्डच येत नाही. पिन आणि पॅटर्नला हा धोका नाही, ती बटणं सिस्टमयूआय स्वतः काढतं. ओटीजी केबलनं यूएसबी कीबोर्ड जोडला की सुटका होते.

मराठीसाठी हेलीबोर्ड ठीक आहे. तो एओएसपीच्या (अँड्रॉइडच्या मुक्त मूळ कोडच्या) कीबोर्डवरून आलेला आहे, देवनागरी मांडणी आत आहे, इंटरनेटची परवानगी मागत नाही. बोलून टाइप करणं मात्र वेगळ्या अॅपकडून घ्यावं लागतं.

नवखा_४जी

लाँचर बदलला, जुना डिसेबल केला. आता 'अलीकडील अॅप्स'चं बटण दाबलं की काहीच होत नाही. नवा लाँचर खराब आहे का?

पॅचपांडू

लाँचरचा दोष नाही. अँड्रॉइड ९ पासून अलीकडील अॅप्सचा पडदा सिस्टम लाँचरच्या पोटात आहे. तो कोणाकडे हे फ्रेमवर्कमधल्या कॉन्फिग_रीसेंट्सकंपोनंटनेममध्ये लिहिलेलं असतं. जुना झोपला की तो पडदाही झोपला, आणि इशाऱ्यांनी चालवत असाल तर खालून वर ओढणंही बिघडतं. जुना पुन्हा चालू करा, फक्त होमची भूमिका नव्याला ठेवा. पडदासुद्धा नव्याचाच हवा असेल तर लॉनचेअर आणि क्विकस्विच मॉड्यूल : ते हीच नोंद ओव्हरलेनं बदलतं. लॉनचेअरची आवृत्ती तुमच्या अँड्रॉइडशी जुळणारीच घ्या.

रेवा_एआरएम६४

वेबव्ह्यूचं राहिलं. अँड्रॉइड ७ ते ९ मध्ये बहुतेक फोनवर क्रोम हेच वेबव्ह्यूचं कामही करतं, म्हणून तिथे क्रोम काढताना आधी वेगळा वेबव्ह्यू चालू आहे ना ते पाहा. १० पासून दोन्ही वेगळे आहेत. चालू वेबव्ह्यू एकही उरला नाही तर मिसिंगवेबव्ह्यूपॅकेजएक्सेप्शन येतं आणि ज्या अॅपमध्ये वेबपान उघडतं ते प्रत्येक अॅप कोसळतं.

दुसरा वेबव्ह्यू बसवायचा तर नुसतं एपीके पुरत नाही. मान्य पॅकेजांची यादी फ्रेमवर्कमध्ये कॉन्फिग_वेबव्ह्यू_पॅकेजेसमध्ये आहे, ओव्हरलेनं तिच्यात भर घालावी लागते, मग सीएमडी वेबव्ह्यूअपडेट सेट-वेबव्ह्यू-इम्प्लिमेंटेशन.

इथे एक छुपा खड्डा आहे. डिनायलिस्टमध्ये (ज्या अॅपांपासून मॅजिस्क लपवायचा त्यांच्या यादीत) असलेल्या अॅपपुरतं मॅजिस्क आपलं पांघरूण उचलतो. वेबव्ह्यू फक्त मॉड्यूलमध्ये असेल तर डिनायलिस्टमधल्या बँकेच्या अॅपला तो सापडत नाही, आणि लोक बँकेला शिव्या घालतात. उपाय सोपा : मॉड्यूलनं बसवल्यावर तेच एपीके साध्या पद्धतीनं पुन्हा बसवा, अपडेट म्हणून. मग ते /डेटा/अॅपमधून चालतं आणि तिथे झाकण्या-उचलण्याचा प्रश्नच नाही.

नागपुरी_नॅनो

वाखूसा (वाचनखूण साठवली). आणि एवढं करून फोन लोगोवरच अडकला तर?

कोकणचा_कर्नल

फॅक्टरी रीसेट शेवटचा, पहिला नव्हे.

आधी सेफ मोड. बूट अॅनिमेशन सुरू झालं की आवाज कमी करायचं बटण दाबून धरा. मॅजिस्क सेफ मोड ओळखून सगळी मॉड्यूलं बंद करतो. तिथून साधं रीस्टार्ट करा आणि मॅजिस्कमध्ये एकेक करून चालू करत जा.

यूएसबी डीबगिंग चालू होतं आणि संगणकाला आधीच परवानगी दिलेली होती, तर :

एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स

हे टाकून फोन रीस्टार्ट करा, अॅनिमेशनच्या वेळी एडीबी जागं झालं की काम होतं. सगळीच मॉड्यूलं उडतात, ते गृहीत धरा.

तेही नाही तर फास्टबूटमधून (बूटलोडरला संगणकावरून आदेश देण्याचा मोड) मूळ, न पॅच केलेली बूट किंवा इनिट_बूट इमेज टाका. मॅजिस्क नाही म्हणजे पांघरूण नाही, फोन उठतो. पण मॉड्यूल /डेटा/एडीबीमध्ये तसंच बसलेलं असतं. पुन्हा पॅच केलेली इमेज टाकलीत की पुन्हा अडकणार, म्हणून ती टाकल्यावरचा पहिलाच बूट सेफ मोडमध्ये करा. आणि त्यासाठी मूळ इमेज आधीपासून संगणकावर हवी, तीसुद्धा तुमच्या नेमक्या बिल्ड क्रमांकाची.

अडकण्याचं कारण मॉड्यूल नसून अनइन्स्टॉल --यूजर ० असेल तर मात्र यातलं काही कामाला येत नाही, कारण ती नोंद पॅकेज मॅनेजरकडे /डेटामध्ये असते. एडीबी जागं होत असेल तर इन्स्टॉल-एग्झिस्टिंग टाकून पाहा. नाहीच झालं तर रीसेट.

पॅचपांडू

याला जोडून ओटीएचं. अपडेटच्या आधी सिस्टम अॅप झाकणारी सगळी मॉड्यूलं बंद करा. नव्या आवृत्तीत अॅपचं फोल्डर किंवा परवानग्यांची यादी बदललेली असते आणि जुनं पांघरूण तिच्यावर बसत नाही. दोन स्लॉटच्या (सिस्टमच्या दोन प्रती ठेवणाऱ्या) फोनवर : मॅजिस्कमध्ये अनइन्स्टॉलखाली 'इमेजेस पूर्ववत करा', रीस्टार्ट न करता ओटीए उतरवून बसू द्या, ते रीस्टार्ट मागेल तेव्हा थांबा, मॅजिस्कमधून 'निष्क्रिय स्लॉटमध्ये इन्स्टॉल', मग तिथूनच रीस्टार्ट. अपडेटनंतर पीएम पाथ पुन्हा तपासून मगच मॉड्यूलं चालू करा. --यूजर ० नं काढलेली काही अॅपं अपडेटनंतर परत उगवलेली दिसतील, त्यांची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवलेली बरी.

नवखा_४जी

जुना लाँचर चालू केला, बटण चालायला लागलं. डायलरही परत चालू केला.